उत्सव आणि अमावास्या

मद्यपानाचा उत्सव असू शकतो, ही कल्पना मराठी मनाला अजून पुरती पचलेली नाही. पिणे पचले आहे; त्याचा उत्सव नाही. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यातल्या बिअर महोत्सवाचे रसभरित वर्णन करू लागला, तेव्हा स्टाफरूममध्ये अवघडलेली शांतता पसरली. तिथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी शनिवारी हायवेलगतच्या परमिट रूममध्ये दिसतात, हे त्यालाही ठाऊक होते.

म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट 1810 साली सुरू झाला तो बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त. घोड्यांची शर्यत झाली, त्या मैदानाला वधू तेरेसाचे नाव मिळाले. आजही तिथे लिटरभराचा पेला आणि त्याच शहरातील भट्ट्यांची बिअर मिळते. बायका, म्हातारे, लहान मुले एकाच मंडपात बसतात. अर्थात तिथेही माणसे कोसळतात. अशांना जर्मन भाषेत 'बिअरची प्रेते' म्हणतात.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा एकच दिवस आहे, आषाढी अमावास्येचा. घरात दिव्यांची पूजा होते, बाहेर गटारी साजरी होते. सोवळी मंडळी 'गताहारी' अशी व्युत्पत्ती सांगतात; पण लोकांनी उच्चारात गटारच ठेवले आहे. जर्मनांनी पडलेल्या माणसाला नाव दिले, आपण तर सणालाच पडण्याच्या जागेचे नाव दिले. प्यायचे ते पडण्यासाठीच, हे त्यात गृहीत आहे. चव, सावकाशी, गप्पा यांना वाव नाही. उद्यापासून श्रावण, म्हणून आज उरकून घ्यायचे.

आमच्या वाङ्मयातही याहून वेगळे चित्र नाही. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आले. त्यातले तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' हा मराठीतला बहुधा सर्वांत प्रसिद्ध मद्योत्सव. वर्गात तो प्रवेश शिकवताना मुले खदखदून हसतात. मुलीही हसतात, पण सिंधूचा प्रवेश आला की काहीजणी खाली पाहतात. त्यांतल्या एकीने एकदा विचारले, 'सर, मंडळाच्या सभासदांच्या बायका कुठे असतात?' आम्हांला या नाटकावरचा इतका नेमका प्रश्न समीक्षेत आढळलेला नाही.

बिअर महोत्सवाचे समर्थक म्हणतात की पिणे उजेडात आले की सुसंस्कृत होते. यात तथ्य आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो. तो कोण काढतो हे सर्वांना माहीत आहे. चोरून पिणारा घाईने पितो. नाशिकला 2008 पासून द्राक्षमळ्यात भरू लागलेल्या सुलाफेस्टमध्ये संगीत ऐकत वाइन पिणारा माणूस गटारीतल्या माणसाहून निराळा असतो, हे मान्य. पण त्या उजेडाला तिकीट असते. कृष्णा-कोयनेच्या काठचा ऊस कारखान्यात जातो, मळीपासून मद्यार्क निघतो, आणि ज्याने तो ऊस तोडला त्याच्या हाती देशीची बाटली येते. त्याच्यासाठी कोणी मंडप उभारत नाही.

म्हणूनच, 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला आणि पुढच्याच महिन्यात बंडातात्या कराडकरांनी साताऱ्यात आंदोलन केले, तेव्हा शहरी मित्रांप्रमाणे त्याला हसणे आम्हांला जमले नाही. त्या आंदोलनातील सगळी भाषा आम्हांला रुचली नाही, हेही खरे. पण वाइन आणि देशी यांतला फरक मंडपातून स्पष्ट दिसतो, चुलीपाशी बसून दिसत नाही.

आमच्या भागात दारूविषयी बाईला उजेडात बोलता येते ते एकाच ठिकाणी: मतपत्रिकेवर. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. 2008 च्या आदेशाप्रमाणे एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडवीला पडावी लागतात. जी घरी राहिली, तिचे मत आपोआप उभीला जाते. तरीही बायका रांगा लावतात.

महोत्सवांना आमचा विरोध नाही. रांगेतल्या त्या बायकांच्या मुली उद्या निर्भयपणे, आपल्या मर्जीने एखाद्या मंडपात पेला हाती घेऊन बसल्या, तर आम्हांला आनंदच होईल. मात्र तोवर 'मद्यसंस्कृती' हा शब्द उच्चारताना सभासदांच्या बायका कुठे आहेत, हे विचारणे आम्ही सोडणार नाही.