पडद्यावरचा दिवा आणि टेबलावरचा दिवा

गेली बावीस वर्षे मी आपल्या शाळेत विज्ञान शिकवतो आहे. या काळात मुलांच्या वह्यांतल्या किती चुका लाल शाईने खोडल्या असतील याची गणती नाही. त्यांतली एक खूण मात्र मी चुकीची केली होती. तिच्याबद्दल आज लिहायचे आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षक मंडळी मोबाइलसमोर बसून शिकवू लागलो. तोवर 'ऑनलाइन' या शब्दाशी माझा संबंध रेल्वेच्या तिकिटापुरताच होता. बीजगणित कसेबसे शिकवता येई, पण प्रयोग कसे दाखवायचे? शोधता शोधता 'फेट' नावाच्या आभासी प्रयोगांची ओळख झाली. कार्ल वीमन या अमेरिकन शास्त्रज्ञांना २००१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि २००२ मध्ये त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. हे प्रयोग विनामूल्य आहेत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. त्यांतले बरेचसे मराठीतही आहेत. आपल्याकडे अमृता विश्वविद्यापीठम् आणि मुंबईच्या सी-डॅकने मिळून 'ओ-लॅब्ज' केले आहे, तेही मराठीत पाहता येते. आपल्या बेळगावच्या मुलांची पंचाईत वेगळीच असते. घरी मराठी, रस्त्यावरच्या पाट्यांवर कन्नड आणि संगणकावर इंग्रजी. त्यामुळे पडद्यावर 'विद्युतधारा' हा आपल्या ओळखीचा शब्द दिसला की मुलांना किती धीर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शाळा पुन्हा भरली तरी मी ही साधने सोडली नाहीत, कारण त्यांचा खराच उपयोग होतो. एक उदाहरण देतो. एकाच तारेत दोन दिवे एकापुढे एक जोडले, तर पहिला दिवा थोडी वीज 'खातो' आणि दुसऱ्याला उरलेली मिळते, असे दरवर्षी निम्म्या वर्गाला वाटते. फळ्यावर कितीही समजावले तरी हा समज जात नसे. पडद्यावर इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके तारेतून सरकताना दिसतात. जेवढे पहिल्या दिव्यात शिरतात, तेवढेच बाहेर पडतात आणि तेवढेच दुसऱ्यात जातात. पाच मिनिटांत वर्ग म्हणाला, "सर, करंट संपतच नाही!" जे डोळ्यांना कधीच दिसणार नाही ते दाखवणे हे या साधनांचे मोठे बळ आहे.

आता माझ्या चुकीकडे वळतो.

२०२३ च्या पावसाळ्यात दहावीच्या वर्गाला ओहमचा नियम शिकवत होतो. आधी संगणक कक्षात पडद्यावर प्रयोग केला. सेल वाढवत गेलो, दिव्यातील विद्युतधारा त्याच प्रमाणात वाढत गेली आणि आलेख अगदी सरळ रेषेत आला. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग प्रयोगशाळेत घेतला. मुलांचे सहा गट होते आणि नायक्रोमची तार दोनच गटांना पुरली. उरलेल्या चार गटांना मी सायकलच्या डायनॅमोचे सहा व्होल्टचे बल्ब दिले आणि घाईत म्हणालो, "तार काय नि दिवा काय, नियम तोच."

वह्या तपासायला आल्या. पाच गटांचे आलेख सरळ रेषेत होते. सहाव्या गटाचा आलेख मात्र वर जाता जाता वाकला होता. एका सेलवर १.४ व्होल्टला ०.२० अँपिअर, तर चार सेलवर ५.४ व्होल्टला ०.४६ अँपिअर. म्हणजे रोध ७ ओहमवरून जवळजवळ १२ वर गेला होता. मी लाल शाईने फुली मारली आणि लिहिले, "रीडिंग चुकले. पुन्हा घ्या."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या गटातली एक मुलगी वही घेऊन आली. शांतपणे म्हणाली, "सर, आम्ही तीनदा घेतलं. तीनदा असंच येतंय. तुम्ही एकदा बघता का?"

मी बघितले. तसेच येत होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिव्याची तार टंगस्टनची असते. ती तापून पांढरी होते आणि तापली की तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो. ओहमचा नियम तापमान स्थिर असेल तरच लागू पडतो, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पडद्यावरचा तो साधा दिवा मात्र तापत नव्हता. त्याचा रोध कायम धरलेला होता, म्हणून त्याची रेषा सरळ आली.

मग उरलेल्या तीन दिव्यांची रेषा सरळ कशी आली? वर्गात मी रागावलो नाही, फक्त विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर एक मुलगा उठला. "सर, पडद्यावर सरळ आली होती. आमची वाकडी आली म्हणून आमचंच चुकलं असेल असं वाटलं. मग आकडे जुळवले."

त्याला मी काय बोलणार? कॉलेजात असताना मीही उत्तर आधी पाहून आकडे जुळवले आहेत. शिवाय खऱ्या आकड्यांवर फुली मारणारा आणि जुळवलेल्या आकड्यांना 'छान' लिहिणारा मीच होतो. संगणकाने कोणाला खोटे लिहायला सांगितले नव्हते. प्रयोगाआधी उत्तर दाखवण्याचा क्रम मी ठरवला होता.

त्या मुलीच्या वहीत मी फुलीशेजारी लिहिले, "हे रीडिंग बरोबर आहे. चूक माझी." आणि खाली सही केली.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे. आधी टेबलावर प्रयोग करायचा आणि जे आकडे येतील ते शाईने लिहायचे. मग पडद्यावर तोच प्रयोग करायचा. दोन्ही जुळले तर उत्तमच. जुळले नाहीत तर का जुळले नाहीत हे शोधायचे. सैल जोडणी, उतरलेला सेल, शून्यावर न येणारा अमीटरचा काटा किंवा तापलेली तार, काहीतरी सापडतेच. त्या शोधात मुले जे शिकतात ते मी नुसते शिकवून शिकवता येत नाही.

पालकांना एक विनंती. मुलगा मोबाइलवर प्रयोग पाहत असेल तर त्याला रागावू नका, पण "यातलं हाताने काय करून पाहिलंस?" असे जरूर विचारा. विश्वस्त मंडळाने संगणक कक्ष दिला, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आता सहाही गटांना पुरेल एवढी नायक्रोमची तार आणि चार चांगले अमीटर मिळावेत, एवढेच मागणे आहे. ते डायनॅमोचे बल्ब मात्र आम्ही टाकणार नाही. त्यांचा आता स्वतंत्र प्रयोग असतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमचे रीडिंग पुस्तकाशी, पडद्याशी किंवा सरांशी जुळले नाही, तर खोडू नका. पुन्हा घ्या. तिसऱ्यांदाही तेच आले, तर वही घेऊन माझ्याकडे या.