भाषांतर आणि यंत्रांतर

साहित्याच्या अभ्यासकांनी संगणकाच्या पोटात डोकावण्याचे तसे काही कारण नसते. परंतु गेले काही महिने आम्ही ज्या उद्योगात रमलो आहोत, त्यात भाषांतरमीमांसेचे जुनेच प्रश्न निराळ्या वेशात समोर आले. म्हणून हे टिपण. उद्योग असा, की अमिगा ५०० या १९८७ सालच्या घरगुती संगणकाकडून झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८२ सालच्या घरगुती संगणकाचे सोंग वठवून घ्यायचे. तंत्रज्ञ यास एम्युलेशन म्हणतात. आम्ही यंत्रांतर म्हणतो. स्पेक्ट्रम आपणांस अगदीच परका नव्हे. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन त्याची 'प्लस' आवृत्ती भारतात आणली होती.

अमिगा सर्वार्थाने थोर यंत्र. मग धाकट्याची नक्कल त्यास जड का जावी? हिशेब मांडला म्हणजे उलगडा होतो. स्पेक्ट्रमच्या झेड-८० प्रोसेसरची गती ३.५ मेगाहर्ट्झ, तर अमिगाच्या ६८००० ची सुमारे ७.१. झेड-८० ची सर्वांत छोटी आज्ञा चार ठोक्यांत उरकते. तेवढ्या वेळात अमिगाचे आठ ठोके पडतात; आणि त्याची स्वतःची सर्वांत छोटी आज्ञाही चार ठोके खाते. म्हणजे मूळ आज्ञा वाचणे, तिचा अर्थ लावणे, ती पार पाडणे आणि परिणामाची नोंद ठेवणे, हे सारे जेमतेम दोन आज्ञांच्या अवधीत बसवायचे. ते बसत नाही. खेळ रेंगाळतो आणि ठोके मोजून रचलेले त्याचे संगीत खालच्या पट्टीत उतरते. दुभाष्या कितीही विद्वान असला तरी वक्त्याच्या मागेच राहतो, तसे हे.

दुसरी अडचण आम्हां मराठी माणसांस चटकन कळावी. दोन बाइटांची संख्या झेड-८० धाकट्या बाइटपासून मांडतो, ६८००० थोरल्यापासून. आपण 'पंचेचाळीस' म्हणताना आधी पाच उच्चारतो, लिहिताना मात्र आधी चार लिहितो. दोन्ही रीती निर्दोष. पण एकीतून दुसरीत जाताना प्रत्येक वेळी अदलाबदल करावी लागते.

रंगांचे प्रकरण याहून नाजूक. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग मावतात. त्यामुळे नायक झाडाजवळून गेला की एकाचा रंग दुसऱ्यास लागतो. अमिगाला ही मर्यादा नाही. मग हा डाग पुसावा काय? आमचे मत, पुसू नये. त्या काळच्या चित्रकारांनी चौकटी जमेस धरूनच आकृत्या बेतल्या होत्या. अभंगाची अक्षरसंख्या ही अडचण समजून ती मोडणारा भाषांतरकार अभंग देत नाही, त्याचा आशय तेवढा देतो.

परंतु खरी कसोटी चुकीपाशी लागते. स्पेक्ट्रमच्या १६ किलोबाइट रॉममध्ये भागाकाराचा एक दोष आहे. इअन लोगन आणि फ्रँक ओहारा यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात तो दाखवला. एकास दहाने भागले असता अखेरचा द्विमान अंक वर उचलावयास हवा, तो उचलला जात नाही. उत्तर केसभर कमी भरते. वेगाच्या लोभाने हे गणित अमिगाच्या स्वतःच्या रीतीने करविले, तर उत्तर सुधारते, पण ते स्पेक्ट्रमचे राहत नाही.

पाठचिकित्सा करणारा संपादक लेखनिकाची चूक वेगळी काढतो, कारण तिच्यामागे मूळ पाठ आहे अशी त्याची श्रद्धा असते. येथे चुकीमागे दुसरा पाठ नाहीच. लाखो घरांत जे यंत्र पोहोचले, ते या चुकीसकटच. आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. भाषांतराचा वाचक उणीव समजून घेतो, तळटीप वाचतो. यंत्रांतराचा पहिला वाचक म्हणजे तो जुना प्रोग्राम. तो काहीच समजून घेत नाही. त्याच्या अपेक्षेबाहेर काही घडले, तर तो सरळ कोलमडतो.

म्हणून भाषांतराच्या तासाला निष्ठेविषयी बोलताना आम्ही अलीकडे मूळ कृतीच्या गुणांपाशी थांबत नाही. तिच्या भाषेच्या कोणत्या अडचणींवर ती उभी आहे, हे विद्यार्थ्यांस आधी शोधावयास सांगतो.