कचली

रात्री मुले निजली की मी संगणकापुढे बसतो. आम्हा प्रोग्रामरांच्या हाताशी ‘गिट’ नावाचे एक साधन असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचले. नोंदवलेला प्रत्येक बदल ते सहसा ४० अक्षर-अंकांच्या खुणेनिशी जपते. आज काही बिघडले, तर कालच्या आवृत्तीकडे परतता येते. या सोयीमुळे काहीच कायमचे हरवत नाही, असे मनाने धरून ठेवले होते.

धाकटी चार वर्षांची. ती चकलीला ‘कचली’ म्हणे. सारे हसत, मी मात्र सवयीने दर वेळी चूक दुरुस्त करी. परवा फराळाच्या ताटाकडे बोट दाखवून ती स्वच्छ ‘चकली’ म्हणाली. पत्नीला कौतुक वाटले, मी चपापलो. शेवटची ‘कचली’ कोणत्या दिवशीची, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा बहुधा मी पडद्यावरची नजर न काढता “थांब हं, एवढे संपवतो” म्हणत असेन.

हल्ली तिची हाक आली की आहे तेवढे काम नोंदवतो आणि उठतो. ते उद्या जसेच्या तसे सापडेल, एवढी खात्री असते.