पंच म्हणून आमची सही

कोजागिरीला रिग्गईतल्या आमच्या फ्लॅटवर मंडळी जमली होती. मसाला दूध झालं, भेंड्या झाल्या, मग कुणीतरी पत्त्यांचा कॅट काढला. "शंभर फिल्सवर तीन पत्ती, कोण बघतंय?" आम्ही काड्यापेटी पुढे केली. खेळायचं तर काड्यांवर! कुवेतमध्ये जुगार हा गुन्हा आहे आणि कोर्टही इथे रिग्गईतच आहे, असं म्हटल्यावर हशा पिकला. खरं कारण मात्र जुनं आहे.

२००० साली आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत गावी गेलो असता एस.टी. स्टँडवर हवालदाराने हटकले. "शिकलेले दिसता, जरा सही करा." चहाच्या टेबलावर मटक्याच्या चिठ्ठ्या, कार्बन पेपर, बॉलपेन आणि १४० रुपये मांडलेले. बाजूला मान खाली घालून बसलेला माणूस आमच्याच गल्लीतला. पंचनामा लिहून तयार होता. आम्ही सही ठोकली आणि गाडी पकडली.

मटका मूळचा कापसाचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर मुंबईत पैसे लागत. पुढे १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला आणि तो गिरणगावातून खेड्यापाड्यांत पोचला. हिशेब साधा आहे. दहा आकड्यांतला एक येणार, लागला तर साधारण नऊपट मिळणार. म्हणजे रुपयामागे दहा पैसे गेलेच. गल्लीतला तो गृहस्थ कमिशनवर चिठ्ठ्या घ्यायचा आणि मिळालेलं कमिशन पुन्हा आकड्यावरच लावायचा.

दीड वर्षाने आम्हाला समन्स आले. कायदा १८८७ चा, मुंबई जुगार प्रतिबंधक. सरकारी वकिलांनी कोर्टाच्या व्हरांड्यात समजावले : रीतसर वॉरंट काढून अड्ड्यावर छापा घातला आणि जुगाराची साधने सापडली, तर कलम ७ प्रमाणे कोर्ट तो अड्डाच धरते. रस्त्यावरच्या केसला, म्हणजे कलम १२ ला, हा आधार नाही. तिथे सगळी मदार पंचावर. बरेच आरोपी गुन्हा कबूल करून दंड भरतात नि मोकळे होतात. याने नाकारला होता. आकडे ज्याच्याकडे जमा होत, त्या बुकीचे नाव कागदांत कुठेच नव्हते.

"चिठ्ठ्या आरोपीच्या खिशातून काढताना तुम्ही पाहिल्या?"

शपथ घेतलेली होती. "नाही. टेबलावर होत्या."

वकिलांनी आम्हाला फितूर ठरवण्याची परवानगी मागितली, आणि मग आमचीच उलटतपासणी. "मग सही कशाला केलीत?" याचं धड उत्तर आम्हाला आजही देता येत नाही.

माणूस सुटला. आम्ही खरं बोललो म्हणून जरा ताठ मानेने बाहेर पडलो, तर झाडाखाली त्याची बायको उभी होती. "दादा, चिठ्ठ्या खिशातच असत्यात हो. शर्ट मीच धुते की. आत गेला असता तर चार दिस तरी पैसा घरात राहिला असता."

आम्ही काहीच बोललो नाही. संध्याकाळी तो पुन्हा स्टँडवर दिसला.

पुढे अमेरिकेत एम.एस. झालं, नोकरी कुवेतला आली. इथे रोज तपासणीच्या कागदांवर सह्या कराव्या लागतात. जागेवर जाऊन बघितल्याशिवाय आम्ही सही करत नाही. पन्नास अंशांच्या उन्हातही! बरोबरचे लोक वैतागतात. वैतागू देत.

असो. त्या रात्री सगळी काड्यापेटी आमच्या सौ.ने जिंकली.