मिठाविना जवसाची चटणी

डॉक्टरांनी बाबांचे मीठ कमी करायला सांगितले, तेव्हा ब्रह्मपुरीच्या आमच्या घरात सगळ्यात आधी लोणच्याची बरणी फडताळात गेली. मग पापड गेले, कारण मिठाशिवाय पापडखारातही सोडियम असतेच. दोन दिवसांतच बाबांनी ताट सरकवले. "बाई, वरण अळणी लागून रायलं." जन्मभर धानाच्या बांधीत राबलेला माणूस भात टाकून उठला, हे मला बघवेना.

कमी सोडियमचे मीठ दुकानात मिळते. पण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीसोबत ते नको, असे डॉक्टरांनी बजावले. म्हणून घरीच काहीतरी कुटायचे ठरवले.

पहिल्या खेपेला मिठाची उणीव तिखटाने भरून काढायला गेले. बाबांची जीभ पोळली, वरण मात्र अळणीच राहिले. दुसऱ्या खेपेला लसूण ओलाच कुटला. चार दिवसांत डब्याला कुबट वास आला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आंबट टाकून पाय." त्यांचेच खरे निघाले. मिठाची आठवण जिभेला विसरायला लावते ती आंबट चव.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 46 अंशांच्या वर जातो. कैरीच्या पातळ फोडी गच्चीवर तीन दिवसांत खुटखुटीत झाल्या. एरवी त्यांना मीठ चोळतो, या वेळी नुसत्याच वाळवल्या आणि त्यांचे आमचूर केले. जवस घरचाच होता. धान उभे असतानाच ओलीवर लाखोळी आणि जवस फेकायची आमच्या भागातली रीतच आहे.

एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजला. अर्धी वाटी तीळ, दोन चमचे धणे, एक चमचा जिरे हे सगळे वेगवेगळे भाजले, नाहीतर जिरे आधी करपते. गोडनिंबाची पाने सावलीत वाळवली. लसणाचे पातळ काप कोरड्या कढईत पार कुरकुरीत होऊ दिले. चार लाल मिरच्या घेतल्या. सगळे गार झाल्यावर खलबत्त्यात जाडसर कुटले, कारण मिक्सर जास्त फिरला तर जवसाला तेल सुटून गोळा होतो. शेवटी दोन चमचे आमचूर मिसळले.

कुटताना एक गोष्ट ध्यानात आली. भात शिजवताना आम्ही मीठ घालतच नाही. बाबांच्या ताटातला सगळ्यात मोठा जिन्नस जन्मभर अळणीच होता आणि त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नव्हती. वरणाला चव हवी होती, ती वरून देता येत होती. आता वरण-भाजीत निम्मेच मीठ पडते आणि चटणी ताटात बसल्यावर भुरभुरवायची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी मीठ सांगते. एवढे तर आमच्या घरी नुसत्या लोणच्या-पापडातूनच पोटात जात असावे.

पहिल्यांदा ही चटणी पडली त्या दिवशी बाबांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

तुमच्या घरीही कुणाचे मीठ कमी केले असेल, तर ही करून बघा. मात्र उन्हात राबणाऱ्या माणसाचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका. आणि एका वेळी वाटीभरच कुटा. कुटलेला जवस फार दिवस ठेवला की खवट होतो.