वरचा मजला

व्यापारी घरात सुटीचा हिशेब निराळाच असतो. मुलांना उन्हाळ्याची सुटी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत कापडाच्या दुकानात लग्नसराईची गर्दी होते. कन्नडच्या एका जैन कुटुंबात वर्षानुवर्षे असेच चालत आले होते. यंदा मात्र आठ दिवस मनालीला जाण्याचे ठरले. आरक्षणही झाले. परंतु अवकाळी पावसाने शेतकरी गिऱ्हाइकांची उधारी थकली आणि सुरतेच्या व्यापाऱ्याचे देणे तोंडावर आले. वडिलांनी प्रवासासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्या देण्यात भरली. पत राहिली, मनाली राहून गेली.

एकोणीस वर्षांचा थोरला मुलगा मनातून फार दुखावला. मित्रांना त्याने सांगून ठेवले होते. त्याऐवजी एका रविवारी वेरूळला जायचे ठरले, तेव्हा तो म्हणाला, “तासाभराच्या वाटेवरच्या जागेला का कोणी सुटी म्हणते?” कोणी उत्तर दिले नाही. आईने पहाटे उठून पुऱ्या, दशम्या आणि गाळलेले पाणी बरोबर घेतले आणि मंडळी निघाली.

वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन परंपरेची आहेत. त्यांतील ३२ वे लेणे ‘इंद्रसभा’ म्हणून ओळखले जाते. हत्तीवर बसलेल्या यक्षाला पूर्वी इंद्र समजले गेले, त्यावरून हे नाव पडले. या लेण्याचा खालचा मजला बराचसा अपुरा आहे. मुलगा तेथेच एका खांबाला टेकून उभा राहिला. अर्धवट राहिलेल्या कामाकडे पाहताना त्याला आपलीच सुटी आठवत असावी.

आजी मात्र जिना चढू लागली. गुडघे दुखत होते, म्हणून तिने नातवाचा हात मागितला. वर पोहोचताच कोरीव खांब, आंब्याच्या झाडाखालची अंबिका, वेलींनी वेढलेले तरीही अविचल असे बाहुबली नजरेसमोर आले. आजीने हात जोडले. डोळे भरून आले होते.

“आजी, तू तर इथे आधी आली आहेस ना?” त्याने विचारले.

“आले होते रे. पण कधी तुझे आजोबा दुकानात, कधी तुझे बाबा. कोणीतरी गल्ल्यावर बसायलाच हवे. सगळे घर एकत्र इथे उभे आहे, असे आज पहिल्यांदाच घडले.”

मुलाने मागे वळून पाहिले. वडील आजोबांना आधार देत जिना चढत होते. भर लग्नसराईत ते दुकानाबाहेर होते. मग दुकानात कोण होते? वीस वर्षे मापे घेऊन कापड फाडणारा जुना नोकर. त्याने आपला रविवार दिला, म्हणून या घराला रविवार मिळाला होता.

सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून मंडळी वेळेवर परतली. मुलगा घरात न जाता आधी दुकानात गेला. “काका, पुढच्या रविवारी तुम्ही घरच्यांना घेऊन वेरूळला जाऊन या. दुकान मी सांभाळतो,” तो म्हणाला. त्या रविवारी तो दिवसभर गल्ल्यावर बसला. आपल्याला मिळालेली सुटी किती मोलाची होती, हे त्याला खऱ्या अर्थाने त्या दिवशी उमगले.

आपल्या धर्मात करणे आणि करविणे यांच्या जोडीला अनुमोदनेलाही स्थान आहे. दुसऱ्याने केलेल्या चांगल्या गोष्टीचा मनापासून आनंद मानणे, हीच अनुमोदना. कुटुंबाच्या सुटीमागे कोणाची पहाट, कोणाचे श्रम आणि कोणाचा त्याग असतो, हे ओळखले की कृतज्ञता आपोआप येते. जे राहून गेले तो खालचा मजला. तेथेच थांबणाऱ्याला वरचे वैभव दिसत नाही. जिना मात्र प्रत्येक घरात असतो.