कोंबडीचोर

लहानपणी आम्हा तिघी बहिणींना सगळ्यांत जास्त कंटाळा यायचा तो संध्याकाळी कोंबड्या कोंडण्याचा. मगरिबच्या अजानआधी त्या खुराड्यात गेल्याच पाहिजेत, हा दादीचा हुकूम. एका वर्षी पिल्लं कमी होऊ लागली. आज बारा, तर उद्या दहा. अंगणाच्या कडेला आंब्यावर शिकऱ्याचं घरटं होतं, त्यामुळे चोर शोधायची कुणाला गरजच वाटली नाही. एका सकाळी चाचा कोयती घेऊन वर चढले आणि त्यांनी ती फांदी उतरवली. आम्ही खाली उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. फांदीबरोबर शिकऱ्याची दोन पिलं खाली आली. कापसाच्या बोंडासारखी पांढरी.

पुढच्याच आठवड्यात कोंबडीची आणखी तीन पिल्लं गेली. मग दादीला लाकडांच्या रचेमागे, गडग्यातल्या एका बिळापाशी पिसं सापडली. मुंगूस! शिकरा कधीच पिल्लू उचलत नाही असं नाही, पण आमची पिल्लं त्याने नेली नव्हती. दादीने बीळ दगडांनी बुजवलं. शिकऱ्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

आम्हाला हे आठवलं ते थेट चाळीस वर्षांनी, आणि तेही मॉरिशसमध्ये. धाकटीचे मिस्टर तिकडे एका हॉटेलात नोकरीला आहेत. तिने हट्टाने बोलावलं म्हणून आम्ही दोघी गेलो. जुम्मा मस्जिद पाहिली, समुद्र पाहिला, बाजारात फिरलो. कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथे आजही शाळेत मराठी शिकतात, याचं अप्रूप वाटलं. मग धाकटी म्हणाली, “आपा, उद्या जंगलात जाऊ. तिथे एक ससाणा आहे, फक्त याच बेटावर सापडतो.” थोरली म्हणाली, “ससाणा बघायला एवढं विमानाचं भाडं घालून आलो होय?” पण गेलो.

पूर्वेकडच्या बांबू डोंगरांच्या एका खोऱ्यात वाट दाखवणारा मुलगा क्रेओलमध्ये बोलत होता आणि धाकटी आम्हाला मराठीत सांगत होती. त्याने पहिल्यांदा पक्ष्याचं जुनं नाव सांगितलं, ‘मांझर द पूल’. म्हणजे कोंबड्या खाणारा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

हा पक्षी भरतो जेमतेम पावशेर. थोराड कोंबडी उचलणं त्याच्या ताकदीबाहेरचं. त्याचं मुख्य खाणं म्हणजे झाडांवरच्या हिरव्यागार पाली. मोकळ्या माळावर घिरट्या घालणाऱ्या ससाण्यांसारखे त्याचे पंख लांब नाहीत. आखूड आणि गोलसर आहेत, दाट झाडीत फांद्यांमधून वळणं घेता यावीत असे. पण नाव पडलं ते पडलं, आणि त्या नावापायी लोकांनी त्याला गोळ्या घातल्या.

नाव हे एकच कारण नव्हतं. उसासाठी बेटावरचं जंगल तोडलं गेलं. हुकूम गोऱ्यांचा, पण मळ्यांवर राबणाऱ्या हातांत आपल्याकडचेही होते. आज तिथे चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल २ टक्क्यांपेक्षाही कमी उरलं आहे. खलाशांबरोबर आलेली माकडं झाडांच्या ढोलीतली अंडी खाऊ लागली. आणि उंदीर मारायला म्हणून हिंदुस्तानातून एक प्राणी नेऊन सोडला गेला. कोणता, ते धाकटीने सांगायच्या आधीच आम्ही ओळखलं. आमचा गडग्यातला जुना ओळखीचा.

डीडीटीची गोष्ट मात्र अवघड आहे. मॉरिशसमध्ये मलेरियाने हजारो माणसं मेली होती. १९४८ नंतर तिथे डीडीटीची फवारणी झाली आणि १९७३ पर्यंत मलेरिया बेटावरून गेला. आमच्या गावातही पाठीवर पंप लावलेली माणसं यायची, भिंतीवर तारीख लिहून जायची. दादी त्यांना दुआ द्यायची, कारण तिची दोन मुलं तापानेच गेली होती. तेच औषध पालींतून ससाण्याच्या पोटात गेलं आणि अंड्यांची कवचं पातळ झाली. यात कुणाला दोष द्यायचा? आम्हाला तरी देता येत नाही.

१९७४ साली जगात या जातीचे माहीत असलेले पक्षी होते फक्त ४, आणि त्यांत अंडी घालणारी मादी एकच. त्याच वर्षी एका जोडीने ढोलीऐवजी सरळसोट कड्याच्या कपारीत अंडी घातली. माकडाचा हात तिथे पोचेना. पिलं जगली.

१९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला तरुण तिथे आला. त्याला पाठवलं होतं ते खरं तर काम आवरतं घ्यायला. त्याने ते आवरलं नाही. कड्यावर चढून तो पहिली अंडी काढून घ्यायचा. मादी पुन्हा अंडी घालायची, ती तिच्याकडेच ठेवायची. काढलेली अंडी यंत्राच्या उबेत फोडायची, पिलांना हाताने मांस भरवायचं, मोठी झाली की रानात सोडायची आणि नीट शिकार जमेपर्यंत रोज खाणं पुरवायचं. झाडांवर लाकडी खोकी लावायची. मुंगसांना पिंजऱ्यात धरायचं. अंडी काढून घेतली की कोंबडी पुन्हा घालते, हे आमच्या दादीला पुस्तकाविना ठाऊक होतं; पण त्यावर एक अख्खी जात उभी राहील असं तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. दहा वर्षांत ३००हून अधिक पक्षी रानात सोडले गेले. आज जे आहेत ते सगळे त्या एकाच जोडीचा वंश.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९४ मध्ये कमी धोक्याच्या यादीत गेलेला हा पक्षी २०१४ मध्ये पुन्हा जास्त धोक्याच्या यादीत आला. संख्या चारशेच्या आसपास. परदेशी पेरूची झुडपं उरलेलं जंगल गिळताहेत, ती उपटणारे हात थांबले की पुन्हा वाढतात.

मुलाने मेलेला उंदीर हातात धरून शीळ घातली. बराच वेळ काही नाही. थोरलीने चप्पल काढून पाय चोळायला घेतला, तेवढ्यात झाडीतून काहीतरी तपकिरी निघालं, उंदीर उचलला आणि समोरच्या फांदीवर बसलं. पांढऱ्या छातीवर काळे बदामी ठिपके. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्हीच बघत राहिलो.

रात्री धाकटीच्या घरून गावाला चाचांना फोन लावला. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, कानांनी अधू. आम्ही तिघी आळीपाळीने मोठ्याने सांगत होतो. ससाणा, मॉरिशस, कोंबडीचोर, मुंगूस. ते नुसतं “बरं, बरं” म्हणत होते. शेवटी थोरलीने विचारलं, “चाचा, आपल्या आंब्यावरचा शिकरा आठवतो का?”

“कसला शिकरा?” चाचा म्हणाले. मग थोडा वेळ काहीच ऐकू येईना. लाइन गेली असं वाटून धाकटी फोन ठेवणार, तेवढ्यात आवाज आला.

“दोन होती ना गं ती पिलं?”